ग्रंथालयाच्या कपाटापासून संकेतस्थळाच्या मेनूपर्यंत : वर्गीकरणविचाराचा इतिहास आणि डॉ. रंगनाथन

बीजसंज्ञा : वर्गीकरण, पैलू-विश्लेषण, द्विबिंदू पद्धती, संकेतस्थळ, मार्गनिर्देशन, माहितीची वास्तुरचना

प्रास्ताविक

संकेतस्थळ ही विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाची निर्मिती होय. त्यामुळे संकेतस्थळावरील मजकुराची मांडणी आणि त्या मजकुरापर्यंत वाचकाला नेणारे मार्गनिर्देशन हे विषय संगणकशास्त्राच्या कक्षेतील आहेत, असा समज सर्वसाधारणपणे रूढ झालेला आहे. हा समज अपुरा आहे. यंत्र नवे असले तरी प्रश्न जुना आहे. पुष्कळ मजकूर एकत्र साठला की हव्या त्या माणसाला हवी ती गोष्ट कमीत कमी वेळात कशी सापडावी, हा तो प्रश्न. ग्रंथपालांनी त्याचा विचार दोन हजार वर्षांहून अधिक काळ केला आहे. या विचाराला विसाव्या शतकात निर्णायक वळण देणारी व्यक्ती भारतीय होती आणि तिचे कार्य मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आकाराला आले, ही बाब संकेतस्थळांविषयीच्या चर्चेत क्वचितच ध्यानात घेतली जाते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) ज्ञानसंग्रहाच्या मांडणीविषयीच्या विचाराचे प्रमुख टप्पे नोंदविणे, (२) डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या पैलू-विश्लेषणाचे स्वरूप स्पष्ट करून संकेतस्थळाच्या रचनेशी असलेला त्याचा संबंध तपासणे. (३) या इतिहासाच्या आधारे शैक्षणिक संस्थांच्या संकेतस्थळांपुढील प्रश्नांचा विचार करणे. त्यासाठी ऐतिहासिक आणि तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

यादीपासून वर्गीकरणाकडे

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयाशी संबंधित असलेल्या कॅलिमॅकस या कवी-विद्वानाने 'पिनाकेस' नावाची ग्रंथसूची तयार केली. ती १२० गुंडाळ्यांची होती, अशी परंपरागत नोंद आहे. या सूचीत लेखकांची विभागणी साहित्यप्रकारांनुसार आणि विषयांनुसार केलेली होती. संग्रह स्मरणात मावेनासा झाला की त्याचे प्रतिरूप असणारी दुसरी वस्तू, म्हणजे सूची, निर्माण करावी लागते. मांडणीच्या इतिहासाची ही पहिली पायरी होय.

त्यानंतर दीर्घकाळ ग्रंथांचे स्थान कपाटाशी बांधलेले राहिले. अमुक खोलीतील अमुक कपाटाच्या अमुक फळीवरील अमुक ग्रंथ, अशी नोंद असे. नवे ग्रंथ आले, कपाट भरले, की सर्व क्रमांक बदलावे लागत. एकोणिसाव्या शतकात मुद्रणाचा वेग वाढला आणि ही व्यवस्था मोडकळीस आली. ब्रिटिश म्युझियममध्ये अँतोनिओ पानिझ्झी यांनी सूचीकरणाचे ९१ नियम सिद्ध केले. ते १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. या नियमांवर इंग्लंडात जाहीर वाद झाला व शासकीय आयोगापुढे साक्षी झाल्या. ग्रंथालयाला एक साधी यादी पुरेशी आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, भाषांतरे आणि टोपणनावे यांतील परस्परसंबंध सूचीतून कळला पाहिजे, ही पानिझ्झी यांची भूमिका होती. सूची ही केवळ मोजदाद नसून वाचकाला वाट दाखविणारे साधन आहे, हा विचार या वादातून दृढ झाला.

दशांश वृक्ष आणि त्याच्या मर्यादा

१८७६ मध्ये अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्व्हिल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ती अवघ्या ४४ पृष्ठांची होती. ड्यूई यांनी ग्रंथाचा क्रमांक कपाटापासून सोडवला आणि विषयाला जोडला. समग्र ज्ञान दहा मुख्य वर्गांत, प्रत्येक वर्ग दहा विभागांत आणि प्रत्येक विभाग दहा उपविभागांत विभागला गेला. दशांश चिन्हापुढे अंक वाढवीत गेल्यास कितीही सूक्ष्म विषयाला जागा मिळू शकत होती. ग्रंथ कोठेही हलविले तरी त्यांचा परस्परक्रम अबाधित राहू लागला. त्याला जोडून दिलेली सापेक्ष सूचीही तितकीच महत्त्वाची होती. एकच विषय निरनिराळ्या वर्गांत कोठे कोठे आला आहे, हे ती एका ठिकाणी सांगत असे.

या पद्धतीचे स्वरूप वृक्षासारखे होते. एका खोडातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या. वृक्षात प्रत्येक पानाची जागा एकच असते. नेमकी येथेच या पद्धतीची अडचण होती. प्रत्यक्षातील विषय असे एका फांदीवर बसत नाहीत. ग्रामीण भागातील स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास हा ग्रंथ शिक्षणात ठेवावा, समाजशास्त्रात ठेवावा, की इतिहासात? वर्गीकरणकर्त्याला एक जागा निवडावीच लागते आणि ज्या वाचकाने दुसरी वाट धरली असेल त्याच्यापुरता तो ग्रंथ अस्तित्वात नसल्यासारखा होतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वृक्ष लावणाऱ्याची दृष्टी त्या वृक्षाच्या आकारात उतरते. ड्यूई यांच्या धर्म या वर्गात २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्मासाठी राखले गेले आणि जगातील इतर सर्व धर्म २९० या एका विभागात सामावले गेले. साहित्याच्या वर्गात इंग्रजी साहित्याला ८२० हा सुटसुटीत क्रमांक मिळाला, तर मराठी साहित्य ८९१.४६ या लांबलचक क्रमांकावर, 'इतर' भाषांच्या रांगेत जाऊन बसले. मराठी ग्रंथालयांत वर्षानुवर्षे हा क्रमांक ग्रंथांच्या पाठीवर चिकटविला गेला आहे. आपल्याच गावात आपलेच साहित्य 'इतर'मध्ये शोधण्याची ही वेळ वर्गीकरणाने आणली. मांडणी ही कधीच तटस्थ नसते, हा धडा त्यातून मिळतो.

भारतात आधुनिक ग्रंथालय-व्यवस्थेचा पाया घालण्याचे श्रेय बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे जाते. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अलॅन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना पाचारण केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बडोदा संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहू लागले. परकीय पद्धती जशीच्या तशी स्वीकारावी की स्थानिक गरजेनुसार घडवावी, हा प्रश्न भारतीय ग्रंथालयांसमोर या काळातच उभा राहिला होता. त्याचे मूलगामी उत्तर मात्र मद्रासकडून यावयाचे होते.

रंगनाथन यांचा पैलूविचार

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. ते मूळचे गणिताचे अध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या अध्ययनासाठी लंडनला गेले. तेथे बर्विक सेयर्स यांच्याकडे वर्गीकरणाचा अभ्यास करीत असतानाच त्यांनी इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये पाहिली. दशांश पद्धतीतील तयार खाणी नव्या आणि संमिश्र विषयांना अपुरी पडतात, हे त्यांच्या ध्यानात आले.

लंडनमधील सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी 'मेकॅनो' हे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके आणि स्क्रू अशा मोजक्या सुट्या भागांतून विक्रेता निरनिराळ्या आकृत्या जोडून दाखवीत होता. विषयसुद्धा असाच जोडता आला पाहिजे, ही कल्पना त्यांना या प्रसंगातून सुचली, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. सर्व विषयांची तयार यादी करण्याऐवजी विषयांचे घटक द्यावेत आणि ते जोडण्याचा नियम द्यावा, हे त्या कल्पनेचे सार. १९३३ मध्ये या विचारावर आधारलेली 'कोलन क्लासिफिकेशन', म्हणजेच द्विबिंदू वर्गीकरण पद्धती, प्रसिद्ध झाली. घटकांना जोडणारे चिन्ह द्विबिंदू असल्याने हे नाव पडले.

पुढील दोन दशकांत रंगनाथन यांनी या पद्धतीला सैद्धांतिक बैठक दिली. कोणत्याही विषयाचे पैलू पाच मूलभूत प्रवर्गांत मोडतात, असे त्यांनी प्रतिपादन केले : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात १९५०च्या दशकात उसावरील रोगांचा करण्यात आलेला प्रतिबंध हा विषय घेऊ. कृषी हा मुख्य वर्ग. ऊस हा व्यक्तित्वाचा पैलू, रोग आणि प्रतिबंध ही ऊर्जेच्या प्रवर्गातील अंगे, महाराष्ट्र हा अवकाशाचा, तर १९५०चे दशक हा कालाचा पैलू. या विषयासाठी पूर्वीपासून खण राखून ठेवण्याची गरज नाही. घटक हाताशी असले की खण त्या क्षणी तयार होतो. उद्या पीक बदलले, प्रदेश बदलला, तरी पद्धतीत काहीही मोडतोड करावी लागत नाही.

या विचाराच्या मुळाशी वाचकाविषयीची एक भूमिका होती. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ती स्पष्ट होते. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरासाठी असतात, वाचक आणि ग्रंथ यांची दोन्ही बाजूंनी गाठ पडली पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही सतत वाढणारी संस्था आहे हे गृहीत धरले पाहिजे, असा त्या सूत्रांचा आशय आहे. यांपैकी शेवटची दोन सूत्रे संकेतस्थळाला जशीच्या तशी लागू पडतात. मांडणीची परीक्षा वाचकाच्या वेळावर होते आणि जी मांडणी वाढ सोसू शकत नाही ती आज कितीही नीटस दिसली तरी उद्या कोसळते.

त्यांची 'शृंखला प्रक्रिया' हीसुद्धा येथे उल्लेखनीय आहे. वर्गक्रमांकातील सामान्य ते विशेष अशा प्रत्येक दुव्यापासून सूचीतील नोंद तयार करण्याची ही रीत आहे. वाचक कोणत्याही पायरीवरचा शब्द घेऊन आला तरी सूची त्याला योग्य जागी पोहोचविते. वाचकाने आपल्या पद्धतीने विचार करावा अशी अपेक्षा न धरता वाचक जेथून येईल तेथून वाट काढून देणे, हे त्याचे मर्म होय.

द्विबिंदू पद्धतीचा प्रत्यक्ष प्रसार मर्यादित राहिला, हे मान्य करावयास हवे. तिचे अंकन गुंतागुंतीचे होते आणि आवृत्तीगणिक त्यात बदल होत गेले. मात्र पद्धतीपेक्षा तिच्यामागील तत्त्व दूरवर पोहोचले. १९५२ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटाने, म्हणजेच ब्रायन व्हिकरी, जॅक मिल्स, डग्लस फॉस्केट आदी अभ्यासकांनी, पैलू-विश्लेषण आपलेसे केले. १९५५ मध्ये या गटाने माहिती-पुनःप्राप्तीच्या सर्व पद्धतींचा पाया पैलूनिष्ठ वर्गीकरण असावा, अशी भूमिका निवेदनाद्वारे मांडली. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये बंगलोर येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी संकेतस्थळ ही वस्तू जन्माला यावयाची होती.

कार्डापासून दुव्यापर्यंत

दुसरीकडे वृक्षाच्या चौकटीला आणखी एका दिशेने धक्के बसत होते. बेल्जियमचे पॉल ऑटले आणि आंरी ला फाँतेन यांनी १८९५ पासून ब्रुसेल्स येथे जगातील समग्र ग्रंथसंपदेची कार्डसूची करण्याचा उपक्रम चालविला. तिच्यातील कार्डांची संख्या १ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. ड्यूई यांच्या पद्धतीचा विस्तार करून त्यांनी जी सार्विक दशांश पद्धती तयार केली तिच्यातही दोन विषयांचा संबंध दाखविण्यासाठी द्विबिंदूचा वापर होतो, हा योगायोग लक्षणीय आहे. १९४५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनिव्हर बुश यांनी 'मेमेक्स' या कल्पित यंत्राचे वर्णन केले. माणसाचे मन एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे साहचर्याने जाते, वर्गांच्या शिडीने चढत-उतरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी अशा परस्परजोडलेल्या मजकुरासाठी 'हायपरटेक्स्ट' ही संज्ञा योजली.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जो प्रस्ताव सादर केला तो मूलतः माहिती हरवण्याविषयीचा होता. संस्थेत माणसे येत-जात असतात आणि त्यांच्याबरोबर कोणती माहिती कोठे आहे हे ज्ञानही निघून जाते, ही त्यांची तक्रार होती. वृक्षरचना आणि बीजशब्द या दोन्ही रूढ उपायांच्या उणिवांचा ऊहापोह त्यांनी त्या प्रस्तावात स्वतंत्रपणे केला आहे. म्हणजे वर्ल्ड वाइड वेबचा जन्मच वर्गीकरणाच्या एका प्रश्नातून झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. १९९१ मध्ये वेब सर्वांसाठी खुले झाले आणि एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान विनामूल्य उपलब्ध करून दिले.

याहू निर्देशिका : वृक्षाची पुनरावृत्ती

दुव्यांनी वृक्षाचे बंधन तोडले खरे. पण त्यातून अरण्य निर्माण झाले. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फायलो या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची वर्गवार यादी सुरू केली. तिचेच पुढे 'याहू' झाले. या निर्देशिकेत १४ मुख्य वर्ग होते आणि संकेतस्थळे पाहून योग्य वर्गात टाकण्याचे काम माणसे करीत. शंभर वर्षांपूर्वीची ड्यूई यांची पद्धतीच जणू पडद्यावर अवतरली होती.

जुन्या अडचणीही तिच्यासोबत आल्या. कला, विज्ञान, आरोग्य, शासन अशा विषयवर्गांच्या रांगेत 'प्रादेशिक' हाही एक मुख्य वर्ग होता. रंगनाथन यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अवकाशाचा पैलू विषयांच्या पंक्तीला बसविला होता. त्यामुळे एखाद्या शहरातील रुग्णालय आरोग्यात शोधावे की प्रदेशात, हा पेच अटळ होता. यावर उपाय म्हणून काही वर्गनावांपुढे '@' हे चिन्ह देण्यात येई. या वर्गाची मूळ जागा दुसरीकडे आहे, असा त्याचा अर्थ. ग्रंथालयातील 'पाहा' या प्रतिनिर्देशाचेच हे रूप होते. एका वृक्षाने भागत नाही याची कबुली त्या चिन्हात होती.

१९९८ मध्ये गूगलची स्थापना झाली. संकेतस्थळांच्या वाढीपुढे माणसांनी केलेले वर्गीकरण टिकले नाही. याहूची निर्देशिका २०१४च्या अखेरीस बंद झाली. स्वयंसेवकांच्या श्रमावर चाललेली खुली निर्देशिकाही मार्च २०१७ मध्ये थांबली. यावरून वर्गीकरणाचे युग संपले, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु तो घाईचा आहे. शोधयंत्राला शब्द द्यावा लागतो, आणि ज्याला काय शोधावयाचे याचे नाव ठाऊक नाही त्याच्या हाती शब्द नसतो. प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला 'फ्रीशिप' हा शब्द माहीत नसेल, तर तो शब्द टाकून शोधणे त्याला शक्य नाही. मांडणी पाहिल्यावरच त्याला कळते की असे काही अस्तित्वात आहे. शिवाय शोधयंत्र वाचकाला संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर न नेता मधल्याच एखाद्या पानावर उतरवते. तेथे आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी मार्गनिर्देशन लागतेच.

माहितीची वास्तुरचना आणि पैलूंचे पुनरागमन

१९९८ मध्ये लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल यांचा वर्ल्ड वाइड वेबसाठी माहितीच्या वास्तुरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'माहितीची वास्तुरचना' ही कल्पना रिचर्ड सॉल वुर्मन या वास्तुरचनाकारांनी १९७६ मध्येच मांडली होती. रोझेनफेल्ड व मोरव्हिल हे दोघेही ग्रंथालयशास्त्राचे पदवीधर होते आणि त्यांनी मजकुराची रचना, नामाभिधान, मार्गनिर्देशन आणि शोध या चार अंगांनी संकेतस्थळाचा विचार केला. त्याच वर्षी लुईस स्पिटेरी यांनी रंगनाथन आणि लंडन गटाच्या नियमांचे सुबोध एकत्रीकरण प्रसिद्ध केले.

पुढील दशकात पैलूरचना प्रत्यक्ष पडद्यावर आली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टी हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'फ्लेमेंको' प्रकल्पात सुमारे ३५,००० कलाचित्रांचा संग्रह कलाकार, माध्यम, स्थळ, काल अशा पैलूंनी मांडला गेला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात सहभागी झालेल्यांनी रूढ शोधपद्धतीपेक्षा या रचनेला स्पष्ट पसंती दिली. जानेवारी २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपली सूचीच पैलूनिष्ठ रूपात उपलब्ध केली. ग्रंथालयातून निघालेला विचार व्यापारी संकेतस्थळांचा फेरा करून पुन्हा ग्रंथालयात परतला. आज वस्तूंच्या खरेदीचे कोणतेही संकेतस्थळ उघडले की डाव्या बाजूस किंमत, रंग, आकार, उत्पादक अशा खुणा दिसतात. त्यांवर टिचकी मारणारा ग्राहक नकळत पैलू-विश्लेषणच करीत असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशी प्रत्येक रचना थेट रंगनाथन यांच्या ग्रंथांवरून घेतली गेली, असा दावा करता येणार नाही. संगणकातील विदासंचयांच्या रचनेतूनही तत्सम कल्पना स्वतंत्रपणे विकसित झाल्या. तथापि वृक्षाऐवजी घटकांच्या संयोगाने विषय व्यक्त करण्याच्या तत्त्वाची सर्वांत सुसंगत मांडणी संगणकाच्या प्रसारापूर्वी रंगनाथन यांनी केली, हे निर्विवाद आहे.

मार्गनिर्देशनाची कसोटी

मांडणी चांगली असूनही वाट सापडेलच असे नाही. मार्गनिर्देशनाने वाचकाच्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात : आपण कोठे आहोत, येथून कोठे जाता येईल आणि जेथून आलो तेथे परत कसे जावे. मुखपृष्ठापासून चालू पानापर्यंतची साखळी पानाच्या माथ्यावर दाखविणारी पट्टी, जिला 'ब्रेडक्रम्ब' म्हणतात, पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. सामान्याकडून विशेषाकडे जाणारी ही साखळी शृंखला प्रक्रियेतील दुव्यांची आठवण करून देते.

मेनूत किती बाबी असाव्यात याविषयी एक गैरसमज दीर्घकाळ टिकला. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधील स्मरणशक्तीविषयक निबंधाचा आधार घेऊन सातापेक्षा फार बाबी नसाव्यात, असे सांगितले जाई. परंतु मेनू डोळ्यांसमोर असतो, तो लक्षात ठेवावा लागत नाही. १९९८ मध्ये केव्हिन लार्सन आणि मेरी चेर्विन्स्की यांनी ५१२ बाबींच्या तीन रचनांची तुलना केली. आठ-आठच्या तीन पायऱ्यांची खोल रचना सर्वांत संथ ठरली. दोनच पायऱ्यांच्या रुंद रचनांत वाचक लवकर पोहोचले. बाबींच्या संख्येपेक्षा त्यांची नावे आणि गट अर्थपूर्ण असणे महत्त्वाचे, असा याचा बोध घेता येतो. ज्यांना पडदा दिसत नाही अशा वाचकांसाठी तर ही बाब निर्णायक ठरते. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब सुगम्यतेच्या निकषांत पानाला अर्थपूर्ण शीर्षक, दुव्याचा हेतू शब्दांतून स्पष्ट होणे आणि पानापर्यंत पोहोचण्याचे एकाहून अधिक मार्ग यांचा समावेश आहे. 'येथे क्लिक करा' असे दहा दुवे एका पानावर असतील, तर वाचक-संगणकाचा आवाज ऐकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला दहा वेळा तेच शब्द ऐकू येतात.

मराठी संदर्भ आणि शैक्षणिक संस्था

मांडणीचा हा पेच मराठी ज्ञानपरंपरेलाही अपरिचित नाही. डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे पहिले पाच खंड विषयवार प्रस्तावनाखंड आहेत आणि त्यानंतरचा मुख्य भाग अकारविल्हे आहे. एकाच कोशात सलग वाचणाऱ्याला आणि नेमके शोधणाऱ्याला अशा दोन वाटा ठेवण्याचा तो प्रयत्न होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला 'मराठी विश्वकोश' अकारविल्हे रचला गेला. महाजालावर आल्यानंतर मात्र त्याच्या अद्ययावतीकरणासाठी विषयनिहाय ज्ञानमंडळांची योजना करण्यात आली. माध्यम बदलले की मांडणीचा विचार नव्याने करावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक ऐतिहासिक अडचण होती. २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात बराच मराठी मजकूर युनिकोडऐवजी खासगी टंकांत असे. शोधयंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसे. म्हणून शोध निरुपयोगी आणि मेनू हाच एकमेव मार्ग, अशी स्थिती होती. युनिकोडच्या प्रसाराने ती सुधारली. परंतु सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र घेऊन ते सूचना म्हणून चढविण्याची रीत जेथे जेथे आहे तेथे जुनीच अडचण नव्या रूपात कायम राहते. छायाचित्रातील अक्षरे शोधयंत्राच्या हाती सहजासहजी लागत नाहीत आणि वाचक-संगणकही ती वाचू शकेलच असे नाही.

महाविद्यालयाचे संकेतस्थळ बहुधा संस्थेच्या प्रशासकीय रचनेचे प्रतिबिंब असते. व्यवस्थापन, प्राचार्य, विभाग, समित्या असा त्याचा क्रम असतो. संस्थेच्या दृष्टीने तो स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थी समितीच्या नावाने विचार करीत नाही. त्याचा प्रश्न प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, परीक्षा, निकाल या शब्दांत येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख विद्यार्थी कल्याण, कार्यालय, सूचना की संग्रहित परिपत्रके यांपैकी कोठे आहे, हे न कळल्याने ती निघून गेली, तर चुकीच्या मांडणीची किंमत त्या विद्यार्थ्याच्या एका शैक्षणिक वर्षाएवढी असू शकते. मूल्यांकनासाठी लागणारी कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवण्याची आवश्यकता वाढल्यापासून तर मूल्यांकन समिती आणि विद्यार्थी या दोन भिन्न वाचकांसाठी एकच मेनू राबविला जात आहे. वाचक हाही एक पैलू मानून त्याच मजकुराला दोन वाटा ठेवल्यास हा ताण कमी होऊ शकतो.

याला कायद्याचाही आधार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील कलम ४ मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबींचा उल्लेख सर्वांना परिचित असतो. त्याच कलमाच्या आरंभी अभिलेख रीतसर सूचिबद्ध आणि निर्देशांकित स्वरूपात ठेवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, याकडे तुलनेने दुर्लक्ष होते. ज्या संस्था या कायद्याच्या कक्षेत येतात त्यांच्यासाठी माहिती प्रसिद्ध करणे आणि ती सापडेल अशी ठेवणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. संकेतस्थळाची मांडणी हा ग्रंथालयीन वर्गीकरणाच्या दीर्घ इतिहासाचा पुढचा टप्पा आहे. याहूच्या निर्देशिकेत दशांश वृक्षाच्या मर्यादा पुन्हा अनुभवास आल्या.

२. एका वस्तूला एकच जागा हे तत्त्व भौतिक कपाटासाठी अपरिहार्य होते. पडद्यावर ते अपरिहार्य नाही. रंगनाथन यांचा पैलूविचार कपाटाच्या काळात निर्माण झाला. त्याच्या पूर्ण सामर्थ्याला वाव मात्र संकेतस्थळावर मिळाला.

३. शोधयंत्रामुळे वर्गीकरणाची गरज संपलेली नाही. ज्याच्याकडे शब्द नाही, ज्याला पडदा दिसत नाही किंवा जो अर्ध्या वाटेवर येऊन पोहोचला आहे, अशा वाचकांचा आधार मांडणी आणि मार्गनिर्देशन हाच आहे.

४. मांडणी कोणाच्या दृष्टीने केली आहे यावर कोणाला काय सापडेल हे ठरते. ८९१.४६ या क्रमांकाने जे मराठी साहित्याच्या वाट्याला आले तेच प्रशासनकेंद्री मेनूमुळे विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते.

५. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांची आखणी करताना संगणकतज्ज्ञांच्या बरोबरीने ग्रंथपालांना स्थान देणे इतिहासाच्या दृष्टीनेही सयुक्तिक आहे. वाचकाचा वेळ वाचविण्याचे शास्त्र त्यांच्याच परंपरेत घडले आहे.